बगळ्याला कान लावून

पाटीवर नाव आयर्न हेरॉन.
आम्ही चौघं मेकॅनिक नुसतं बगळा म्हणतो.
एरी सरोवराच्या काठावर पहाटे
तो तसाच उभा असतो, मान वर काढून.
पाय दोनशे बारा, पण ढब तीच.

व्हर्ना ह्राबोव्स्की साडेचारला येते.
थर्मासात कॉफी, खिशात पिवळा खडू,
कमरेच्या पट्ट्याला हातोडी.
चारशे सहा पायऱ्या.
मी मागून मोजतो, ती मोजत नाही.
"बोल्टकडे बघू नकोस," पहिल्याच दिवशी म्हणाली,
"बघून सगळेच घट्ट दिसतात.
ठोक, आणि ऐक."
घट्ट बोल्ट ठण्ण म्हणतो आणि लांबवर म्हणत राहतो.
सैल झालेला नुसता ठक,
दारामागून कोणी
आहे की नाही ते न सांगता खाकरावं, तसा.

तिचे वडील लोरेनला पोलादाच्या भट्टीवर होते.
भट्टी विझली तेव्हा ती सातवीत.
त्यानंतर ते जेवताना
चमचा ताटलीच्या कडेवर आपटून ऐकत बसायचे,
म्हणायचे, हे आपलं नाही, बाहेरचं आहे.
हे ती सांगते तीनशे दहा फुटांवर, भर वाऱ्यात,
खडूनं एक फुली मारता मारता,
आणि पुढच्या बोल्टकडे वळते.

जूनमध्ये सरोवरातून मेफ्लाय उठतात.
एका दिवसाच्या माशा, पण इतक्या
की हवामानाच्या रडारला पाऊस वाटतो.
रुळांवर बोटभर थर, मासळीचा वास,
आम्ही झाडू मारत मारत चढतो.
"यांना खायला तोंडच नसतं," व्हर्ना म्हणते,
"वेळ कुठाय."

सहाला पहिली गाडी सुटते.
बाकांवर पाण्यानं भरलेले रबरी पुतळे,
सत्त्याहत्तर किलोचा एकेक, पट्टे आवळलेले.
शेवटच्या डब्यात व्हर्ना,
कारण साखळी कुठे अडखळते ते मागूनच कळतं.
गाडी माथ्यावर जाते,
थांबल्यासारखी होते,
आणि मग
जमिनीवर उभ्या उभ्या माझ्याच पोटात गोळा येतो.
एकदा तिसऱ्या रांगेतला पुतळा फुटला.
परत आला तो चपटा होऊन,
आणि व्हर्ना चिंब. हसून हसून तिला उतरता येईना.

तीन उन्हाळे आणि अकरा दिवस आम्ही जगात पहिले होतो.
मग कुठल्याशा वाळवंटात
चौदा फूट जास्तीचं काहीतरी उभं राहिलं.
ऑफिसातला पोरगा शिडी घेऊन आला,
'जगात सर्वांत उंच' मधले पहिले दोन शब्द
स्क्रू काढून त्यानं खाली उतरवले, काखेत मारले.
राहिलं ते 'उंच'.
उतरलेल्या अक्षरांखाली रंग अजून कोवळा निळा आहे,
जवळ गेलं तर वाचता येतो.
त्या रात्री बारमध्ये कोणी फारसं बोललं नाही.
सकाळी साडेचारला व्हर्ना आली, थर्मास, खडू.
"बोल्ट एकही कमी झालेला नाही," एवढंच.
पायऱ्या चारशे सहाच होत्या.
मी उतरतानाही मोजल्या.

आज दहाला फाटक उघडलं तेव्हा
उंची मोजायच्या फळीपाशी एक मुलगी,
केसांचा बुचडा मुद्दाम डोक्याच्या टोकावर बांधलेला.
फळीवाल्यानं बुचडा दाबला. दोन बोटं कमी.
"पुढच्या वर्षी."
तिनं बगळ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं,
दुकानदाराच्या तराजूकडे बघावं तसं.
"तोवर हा असेल?"

व्हर्ना घरी निघाली होती.
थांबली. उत्तर काही दिलं नाही.
हातोडी काढून पोरीच्या हातात दिली,
जवळचा खांब दाखवला.

ठण्ण.

आवाज वर चढत गेला, फारच वर,
आणि कोणी सांगितलं नसताना
पोरीनं खांबाला कान लावला.
गालाला दोन माशा चिकटल्या.
तिनं झटकल्या नाहीत.